चौदा डावे

ऑक्टोबरात बाबांनी किनाऱ्यावरचं घर विकलं.
कुरेसारे गावात दोन खोल्या घेतल्या, तिसऱ्या मजल्यावर,
आणि एक कपाट. त्याची मापं पाकिटामागे लिहून दाखवली:
यात मावेल ते येईल.

मी तार्तूहून आलो, बोटीतून, रिकामा ट्रेलर ओढत.
अंगणात तीन ढीग घातलेले.
न्यायचं. द्यायचं. सौनाच्या चुलीत.
चौथा माझा, गुपचूप, गाडीच्या डिकीत:
लोणी लावायची जुनिपरची सुरी,
मासे धुरावर टांगायचा आकडा,
मुका रेडिओ.
असू दे, लागेल कधीतरी,
असं म्हणणारा मी. ते नव्हेत.

त्यांची रीत साधी. डोळे मिटायचे,
वस्तू हातात घेऊन जरा थांबायचं.
हात खिशाकडे वळला तर न्यायची,
टेबलाकडे वळला तर संपलं.
लग्नाचा सूट टेबलाकडे.
चांदीचे सहा चमचे टेबलाकडे.
दोन इंच उरलेली पेन्सिल खिशात.
मी काही बोललो नाही.

चाळीस वर्षं हवामान केंद्रात नोंदी केल्या त्यांनी,
दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा.
त्या वह्यांनी भिंतभर फडताळ भरलेलं.
"कचेरीत नक्कल आहे," म्हणाले
आणि चुलीचं दार उघडलं.
थांबा, म्हटलं, माझा दिवस बघू.
त्यांनी पान बरोबर काढलं, चष्म्याशिवाय वाचलं:
उणे अकरा. वारा वायव्येचा. चार किलोमीटरपर्यंत दिसतं.
किरकोळ बर्फ, संध्याकाळी थांबला.
बस?
"बस. तू हवामानात नव्हतास."
वही आत गेली.
पुठ्ठा थोडा वेळ तगला.

माळ्यावर पत्र्याच्या डब्यात हातमोजे होते,
आईने विणलेले, अंगठा वेगळा, बाकी बोटं एकत्र,
मनगटाशी लाल पट्टी.
मी जमिनीवर जोड्या लावायला बसलो.
लागेनात.
चौदा, आणि चौदाही डावे.

कारण समजायला वेळ लागला नाही.
आकडा लिहायचा तर उजवा काढायला हवा,
काढून कुंपणाच्या खांबावर ठेवायला हवा,
आणि वारा वायव्येचा.

शेजारची हिल्ये खुर्च्या न्यायला आली होती, ती हसली.
"दोन्ही हात डावे असलेली सात माणसं शोध, लेम्बित.
एक तर तूच."

पण उजवा हरवला तर उजवाच विणायचा,
मी म्हटलं, निम्मी लोकर वाचली असती.
बाबा डब्यात बघत राहिले.
"विचारलं होतं एकदा.
म्हणाली, एकट्यासाठी सुया काढत नाही मी."

मग डोळे मिटले. एक मोजा उचलला.
हात खिशाकडे गेला नाही.
टेबलाकडेही गेला नाही.
चार वाजले होते, उजेड उतरत होता,
हिल्ये खुर्ची धरून उभी,
मी उगाच झाकणावरचा गंज खरवडत होतो.
शेवटी त्यांनी तो मोजा हातात चढवला,
चुलीचं तापलेलं दार त्याने उघडलं
आणि उरलेल्या वह्या एकेक करून आत दिल्या.
लोकर जळल्याचा वास आला, थोडासा.

दुसऱ्या दिवशी कपाट भरलं. दार लागलं.
त्यांनी दोनदा लावून पाहिलं.
मी निघालो. कुइवास्तूच्या धक्क्यावर
बोटीची वाट बघताना डिकी उघडली:
सुरी होती, आकडा होता, रेडिओ गायब.
त्याच्या जागी पत्र्याचा डबा.
मी ठेवला नव्हता.

मोजून पाहिले. तेरा.

बोटीच्या वरच्या डेकवर कोणी नव्हतं.
एक डाव्या हातात घातला, एक उजव्या.
उजव्यातला अंगठा भलत्या बाजूला आला,
आत मुडपून बसला.
लिहिता आलं नसतं, कठडा धरता येत होता.
वारा बहुतेक वायव्येचा होता.
मला ते नक्की सांगता येत नाही.